पुलाच्या आमच्या बाजूला

स्वीडनमधल्या माल्मोला शिफ्ट झालो तेव्हा पुण्याच्या ग्रुपवर पहिला प्रश्न थंडीचा नव्हता, 'अगं तो ब्रोनवाला पूल दिसतो का घरातून?' हा होता. घरातून नाही दिसत, पण समोर डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला जायचं तर ट्रेन त्याच्यावरूनच जाते, आणि पहिले काही महिने मधोमध आलं की मी उगाच खाली बघायचे, कारण 'ब्रोन' (म्हणजे पूल) या स्वीडिश-डॅनिश क्राइम सिरियलच्या २०११ च्या त्या पहिल्या एपिसोडात बरोब्बर बॉर्डरवर प्रेत सापडतं, कमरेपासून वरचा भाग स्वीडिश राजकारणी बाईचा आणि खालचा एका डॅनिश वेश्येचा. एका बाईसाठी दोन देशांचे पोलीस धावतात, दुसरी वर्षभराहून जास्त बेपत्ता होती तर कोणाला काही पडलेलं नव्हतं. खुन्याचा मुद्दा हाच की कायद्यापुढे सगळे सारखे वगैरे काही नसतं.

मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिने आली होती तेव्हा आम्ही चारही सीझन परत बघितले. स्वीडिश मी तिला सांगत होते, डॅनिशला मलाच सबटायटल लागायचे (सिरियलमध्ये दोन्हीकडचे पोलीस आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांना सगळं समजतं, इथे माझ्या ऑफिसातले स्वीडिश लोक डॅनिश आकडे ऐकले की सरळ इंग्लिशवर येतात). माल्मोची पोलीस सागा नोरेन आईला जाम आवडली. ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर शर्ट बदलते, खोटं बोलता येत नाही, समोरच्याला वाईट वाटेल हे कळतच नाही. ती ऑटिस्टिक आहे असं सिरियलमध्ये एकदाही म्हटलेलं नाही, कोणी तिच्यावर लेक्चर देत नाही, ती आहे तशी कामाला येते. आईचं एकच, 'हिला कधी कोणी घरी जेवायला बोलवत नाही का गं?'

कोणी लेक्चर देत नाही, मला तेच भारी वाटतं. डेन्मार्कच्या पोलिसांची बॉस लिलियन, बाई आहे, विषय संपला. तिसऱ्या सीझनमध्ये पहिला खून होतो ती बाई दुसऱ्या बाईशी लग्न केलेली, आणि तिच्या बायकोची चौकशी कुठल्याही नवऱ्याची व्हावी तशीच होते. आईने रिमोट हातात घेऊन 'थांब, परत सांग' म्हटलं, मी सांगितलं, ती 'बरं' म्हणाली आणि पुढे बघायला लागली.

पण मग तिनेच तिसऱ्या का चौथ्या दिवशी विचारलं, 'तुझ्या बिल्डिंगमध्ये इराकी आहेत, सोमाली आहेत, तो बोस्नियाचा म्हातारा आहे. ते कुठेत?'

खरंच कुठेत? माल्मोत तिघांतला एक जण तरी परदेशात जन्मलेला आहे. इथल्या म्योल्लान भागातल्या चौकात शनिवारी भाजी घ्यायला गेलं की स्वीडिशपेक्षा अरबी जास्त ऐकू येतं, आणि शहराचं फेमस खाणं म्हणाल तर फलाफल. सिरियलमध्ये मात्र सागा, मार्टिन, हेन्रिक, हान्स, जॉन, नाव लक्षात राहतं ते सगळे पोलीस गोरे. बाहेरून आलेला माणूस येतो तो विषय घेऊन येतो, म्हणजे इंटिग्रेशन, निर्वासित, दंगल. शेवटच्या, २०१८ च्या सीझनमध्ये तारीक आहे, इराणचा, समलिंगी, डेन्मार्कने आश्रय नाकारलेला, आणि डॅनिश इमिग्रेशन खात्याच्या मुख्य बाईला पुलाखाली दगडांनी ठेचून मारलेलं, म्हणजे संशय कुठे वळणार ते आलंच. लेखकांना त्याच्याबद्दल कळवळा आहे हे दिसतं, नाही असं नाही. पण सागाचा डॅनिश जोडीदार हेन्रिक, त्याला घर आहे, दुःख आहे, टिंगल करायला वेळ आहे. तारीककडे फक्त अडचण आहे. म्हणजे वेगळं असायची मुभा सागाला, आणि ती गोरी आहे. हे मला एकटीने बघताना दोन वेळा सुचलं नव्हतं हं, आईमुळे सुचलं.

पडद्यामागचीही एक गोष्ट आहे. मार्टिन झालेला किम बोड्निया ज्यू आहे, दोन सीझननंतर त्याने सिरियल सोडली. स्क्रिप्ट पटली नाही हे कारण होतंच, पण माल्मोत ज्यू म्हणून सुरक्षित वाटत नव्हतं असंही त्याने नंतर सांगितलं. माल्मो आवडतं मला, तरी हे वाचून गप्प बसले होते थोडा वेळ.

आई जायच्या आधी कोपनहेगनला जाऊन आलो. येताना पूल ओलांडला की पहिलं स्टेशन हुल्ली, तिथे पोलीस डब्यात चढून ओळखपत्रं बघतात. २०१५ मध्ये स्वीडनकडे १,६३,००० च्या आसपास लोकांनी आश्रय मागितला, तेव्हापासूनचं हे. त्या दिवशी चढलेली पोलीस तिशीची, काळेभोर केस, रंगाने आमच्याहून थोडी उजळ, आणि स्कोनेचे, म्हणजे इथल्या दक्षिण स्वीडनचे, असले ठसकेबाज उच्चार की मला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं. आईचा पासपोर्ट उलटसुलट बघून तिने हसून परत दिला.

ती पुढे गेल्यावर आई म्हणाली, 'ही आहे की. हिला का नाही घेतलं?'