बाथरूमच्या व्हेंटमधून पाणी, तेही ऐन हिवाळ्यात: माझा अनुभव

अमेरिकेत मिनेसोटात राहणाऱ्यांना जानेवारी 2019 आठवत असेलच. पोलर व्होर्टेक्सवाला, म्हणजे उत्तर ध्रुवाकडची कडाक्याची थंड हवा खाली उतरली होती तो. 30 तारखेला मिनिआपोलिसला पारा उणे 28 फॅरनहाइट, म्हणजे जवळपास उणे 33 सेल्सिअस, शाळा बंद, पोस्टमननेसुद्धा सुट्टी घेतलेली. आणि मग दोन-चार दिवसांत एकदम गोठणबिंदूच्या वर. लोक जॅकेटची चेन उघडी टाकून फिरत होते आणि आमच्या वरच्या बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनच्या जाळीतून टप टप सुरू. पाऊस नाही काही नाही, आकाश निळंभोर. आई व्हिडिओ कॉलवर म्हणे, मे महिन्यात शाकारून घेतलं नसेल तुम्ही! आता हिला अ‍ॅस्फाल्टच्या शिंगल्स (इथल्या छतावर खिळ्यांनी ठोकलेले डांबरी पत्रे) काय समजावणार.

खाली बादली लावली. जाळीच्या बाजूला ड्रायवॉलचा (सीलिंगच्या जिप्समच्या पाटीचा) रंग फुग्यासारखा फुगला होता तिथे स्क्रूड्रायव्हरने बारीक भोक पाडून पाणी काढून टाकलं, हे नक्की करा, नाहीतर ते पाणी आतल्या आत पसरतं आणि सीलिंगचा मोठा तुकडा जातो. मग रूफरना, म्हणजे छताची कामं करणाऱ्यांना, फोन. पहिला आला त्याने ड्राइव्हवेवरूनच मान वर करून बघितलं आणि म्हणाला सगळं छतच बदला, इन्शुरन्सकडे गारपिटीचा क्लेम टाकू. त्याला नमस्कार केला. दुसरा भला माणूस निघाला, म्हणाला आत्ता वर चढून काही करायचं म्हटलं तरी शिंगल्स थंडीत कडक होतात, वाकवल्या की तुटतात, सीलंट धरत नाही, जे काय असेल ते एप्रिल-मे मध्ये करू, पण ताई तुम्ही आधी अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे सीलिंग आणि छताच्या मधल्या पोकळीत, डोकं घालून बघा (ताई अर्थात माझी भर, तो मॅम म्हणाला).

आमच्या अ‍ॅटिकचं झाकण कपड्यांच्या क्लोजेटमध्ये आहे. नवरा मास्क लावून, टॉर्च घेऊन वर गेला, फक्त लाकडी जॉइस्टवर (आडव्या तुळयांवर) पाय ठेवत, कारण मधल्या इन्सुलेशनवर पाय पडला तर माणूस थेट खालच्या खोलीत. वरून ओरडला, अगं इथे तर फ्रीजर आहे! छताच्या प्लायवूडच्या आतल्या बाजूला पांढरा थर, शिंगल्सचे जे खिळे आत डोकावतात त्यांच्या प्रत्येक टोकावर बर्फाचा मणी, आणि सगळ्यात जास्त आमच्या फॅनच्या पाइपच्या वर. पाइप म्हणजे ती चांदीसारखी चुरगळणारी नळी. ती छतावरच्या व्हेंटच्या टोपीला जोडलेलीच नव्हती! बिल्डरच्या माणसाने नुसती शेजारी टेकवून ठेवलेली, मध्ये पोट आलेलं आणि त्या पोटात पाणी साठलेलं.

म्हणजे छत गळत नव्हतंच, आमचीच वाफ आमच्या डोक्यावर पडत होती. दोन मुलांच्या गरम पाण्याच्या आंघोळी, रोज कुकर, शनिवारी इडल्या, घरात वाळत घातलेले कपडे, वर मुलांच्या नाकातून रक्त येतं म्हणून रात्रभर ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं यंत्र). ती दमट गरम हवा फॅनमधून, लाइटच्या वायरींच्या भोकांतून, अ‍ॅटिकच्या झाकणाच्या फटीतून वर जाते, वर कडाक्याची थंडी, तिथे ती गोठून बसते. थंडी असेपर्यंत एक थेंब खाली येत नाही. पारा चढला की सगळं एकदम वितळतं.

म्हणून पाणी कधी येतं ते आधी बघा, कुठे येतं ते नंतर. कडक थंडीनंतर ऊब आली की किंवा आंघोळीनंतर फॅन चालू असताना टपकत असेल तर बहुतेक वाफच. पावसातही गळत असेल, किंवा उन्हात छतावरचा स्नो वितळताना प्लंबिंगच्या छतातून वर निघणाऱ्या उभ्या पाइपाशीच ओलं होत असेल तर त्या पाइपाभोवतीची रबरी कॉलर बघायची, ती उन्हाने तडकते, शिंगल्सच्या कितीतरी आधी जाते. बाहेरच्या भिंतीलगत ओल म्हणजे आइस डॅमचा संशय, म्हणजे छताच्या कडेला बर्फाचा बांध होऊन त्यामागे वितळलेलं पाणी अडतं तो. आणि वादळात भुरभुरीत स्नो उडून व्हेंटमधून आत येतो, तो इन्सुलेशनवर छोटे ढीग करून बसलेला दिसतो. आमच्याकडे ढीग नव्हते.

दुरुस्ती दोन भागांत झाली. फेब्रुवारीत एनर्जी ऑडिटवाल्याला, म्हणजे घरातली ऊब कुठून निसटते ते तपासणाऱ्याला, बोलावलं. तो मुख्य दारात मोठा पंखा बसवतो, घरातली हवा बाहेर खेचतो आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यात बाहेरची थंड हवा कुठून आत शिरते ते निळं निळं दिसतं. बघून मला घाम फुटला, प्रत्येक लाइटभोवती निळं. मग प्लंबिंगच्या पाइपांभोवती, वायरींच्या भोकांना फोम मारला, अ‍ॅटिकच्या झाकणाला रबराची पट्टी लावली. फॅनची जुनी नळी काढून इन्सुलेशन गुंडाळलेला कडक पाइप, सांध्यांना फॉइल टेप (साधी कापडी डक्ट टेप नको, तिचा गोंद सुटतो), आणि व्हेंटच्या टोपीला आतून घट्ट जोडणी. छतावर चढायचं काम नव्हतं म्हणून हे भर थंडीत होऊ शकलं. फॅन खेचतोय का बघायला जाळीला टॉयलेट पेपरचा तुकडा लावायचा, चिकटून राहिला तर ठीक. स्विचच्या जागी टायमर बसवलाय, आंघोळीनंतर अर्धा तास चालतो, मुलांवर विश्वास ठेवायची गरज नाही.

इन्शुरन्सने हात वर केले, हळूहळू साठलेली ओल पॉलिसीत बसत नाही म्हणे.

ह्युमिडिफायरवरून मात्र घरात भांडण झालं. बाहेर उणे 20 फॅरनहाइट असताना घरातली आर्द्रता 15-20 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नका असं ऑडिटवाला सांगून गेला, आणि आम्ही 40 वर ठेवत होतो. आता आर्द्रता दाखवणारं दहा-बारा डॉलरचं मीटर भिंतीवर आहे, खिडकीच्या काचेला आतून पाणी सुटलं की ह्युमिडिफायर बंद, मुलांच्या नाकाला रात्री तूप.

मे महिन्यात तो दुसरा रूफर आला, वर चढला, प्लंबिंगच्या पाइपाची एक कॉलर तडकली होती ती बदलली, बाकी छत उत्तम आहे म्हणाला. सीलिंगवरचा पिवळा डाग नुसत्या रंगाने जात नाही, दुसऱ्या दिवशी परत वर येतो, आधी डाग दाबणारा प्रायमर मारावा लागतो, तो मारला आणि मग रंग दिला.