भाडं 42,000, उत्पन्न 21,000

कोल्हापूरच्या जवाहरनगरातल्या एका खोलीचं भाडं महिना 3,500 रुपये. वर्षाचे झाले 42,000. त्या खोलीत राहणाऱ्या बाईंना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना 1,500 रुपये हवे होते आणि त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. आमच्या केंद्रात दाखल्यांचे अर्जही भरले जातात आणि भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणीही होते. त्यामुळे हे दोन्ही आकडे एकाच टेबलावर, एकाच दुपारी समोरासमोर आले. 2025 च्या गणपती विसर्जनानंतरची गोष्ट.

बाई चाळिशीच्या. नवरा छोटा हत्ती चालवायचा, वर्षभरापूर्वी वारला. गाडी कर्जावर होती, ती फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. दोन मुली, एक पाचवीत आणि एक आठवीत. बाई एका खानावळीत सकाळी चपात्या लाटायला जातात, त्याचे महिन्याला 1,600 मिळतात. आधी ही मंडळी जामदार क्लबच्या बाजूला कमी भाड्यात राहायची. 2019 ला पाणी घरात आलं, 2021 ला परत आलं, तेव्हा भाडं जास्त असलं तरी उंचावर जाऊ म्हणून जवाहरनगर गाठलं. कोल्हापुरात खोलीला पाणी लागत नसेल तर भाड्यात त्याचेही पैसे मोजावे लागतात.

‘लाडकी बहीण’ का नाही, हे मी पहिल्यांदा विचारलं. 1,500 तिकडेही मिळतात आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. पण त्या योजनेत कुटुंबातल्या कुणाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर अर्ज बाद. फॉर्म भरायचे तेव्हा छोटा हत्ती नवऱ्याच्या नावावर होता. गाडी गेली, नवरा गेला, तोवर नवीन अर्ज घेणं बंद झालेलं. मुदत ऑक्टोबर 2024 मध्येच संपली होती. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत कर्ता माणूस गेल्यावर एकरकमी 20,000 मिळतात, पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं आणि यांचं नव्हतं. राहिली संजय गांधी.

आता पत्ता. आधारवर आणि रेशनकार्डावर पत्ता भुदरगड तालुक्यातल्या सासरच्या गावाचा. गावात अर्ज टाकला तर चौकशीत ‘इथं राहत नाहीत’ असा शेरा येणार. इथं टाकला तर इथं राहतो याचा कागद हवा. आधारवरचा पत्ता बदलायला नगरसेवकाचा दाखला चालतो, पण तेव्हा महापालिकेवर नोव्हेंबर 2020 पासून प्रशासक होते, नगरसेवक आणायचा कुठून? शिवाय मुलींचेही पत्ते बदलायचे होते. अशा वेळी सरळ रस्ता एकच, नोंदणीकृत भाडेकरार. बाईंच्या पिशवीत मात्र 500 च्या स्टॅम्पवरचं ‘मी जवाहरनगर येथे राहते’ असं प्रतिज्ञापत्र होतं, कुणीतरी पैसे घेऊन करून दिलेलं. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या अशा प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागतच नाही, साध्या कागदावर चालतं. ते 500 पाण्यात गेले.

घरमालकांना फोन केला, तर ते स्वतःच आले. शाहू मिलमधले जुने कामगार, सत्तरीपुढचे. मिल बंद पडली, पेन्शन हजाराच्या आसपास, घरामागच्या तीन खोल्यांच्या भाड्यावर म्हातारा-म्हातारीचं चालतं. घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं जो माणूस येतो, तसे ते अजिबात नव्हते. पण कराराला साफ नकार.

“नाव कागदावर चढलं की कूळ लागतंय. आमच्या चुलत्याची जागा अशीच गेली की.”

“मामा, चुलत्यांनी पावती दिलेली का करार केलेला?”

“करार कसला? तोंडीच सगळं.”

भीती खरी होती, पण तोंड उलट्या दिशेला होतं. जुन्या भाडेकरूंच्या जागा अडकल्या त्या बहुतेक तोंडी व्यवहारांत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असणं बंधनकारक आहे आणि नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा त्याच कलमातली दुसरी गोष्ट मालकाला जास्त महागात पडते. नोंद नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकाला उलट पुरावा द्यावा लागतो. याउलट लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा, नोंदलेला करार असेल आणि मुदतीनंतर माणूस उठला नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. दिवाणी दाव्यात वर्षं घालवायची गरज नाही.

मामांनी ऐकलं आणि दुसरी अडचण काढली: घरफाळा, म्हणजे घरपट्टी. इथं मी त्यांना खोटा धीर दिला नाही. स्वतः वापरता त्यापेक्षा भाड्यानं दिलेल्या मिळकतीला घरफाळा जास्त बसतो. म्हणून शहरातले कितीतरी मालक भाडेकरू ‘पाहुणे’ म्हणून दाखवतात. माझं मत असं, की गोरगरिबांना पत्त्याचा पुरावा न मिळण्यामागं मालकांच्या दुष्टपणापेक्षा या घरफाळ्याचा हात मोठा आहे. जास्तीचा बोजा मालक शेवटी भाड्यातच टाकणार, हे गृहीत धरूनच बोलणी करावी लागतात. मामांनी तेच केलं. हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून शहरात भाडी वाढल्याचं त्यांच्या कानावर आलं होतंच. “मग चार हजार करा.”

इथं बाईंचा भाऊ बोलला. तो इचलकरंजीत यंत्रमागावर असतो, त्या दिवशी खाडा करून आला होता. “मामा, दाजी गेल्यापासनं भाडं मीच पाठवतोय. एक महिना चुकलाय का?” चुकला नव्हता. घासाघीस होऊन पहिली दोन वर्षं 3,500 आणि तिसऱ्या वर्षी 3,800 ठरलं, अनामत आहे तीच 10,000.

‘अकरा महिने’ हा शब्द लोकांच्या तोंडात इतका बसलाय की तीन वर्षांचा करार म्हटल्यावर दोघेही दचकले. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, या जुन्या नियमातून पळवाट म्हणून अकरा महिने आले. महाराष्ट्रात कलम 55 मुळे अकरा महिन्यांचाही करार नोंदवावाच लागतो, मग पळवाटेचा फायदा काय? लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंत करता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परतीच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के. आमच्या हिशेबात 24 महिने 3,500 नं 84,000, 12 महिने 3,800 नं 45,600, अनामतीवर तीन वर्षांचे 3,000. बेरीज 1,32,600, शुल्क साधारण 331. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500, मुदत काहीही असो. अकरा महिन्यांचा केला असता तर मुद्रांक शंभराच्या आत आला असता, पण हजाराची फी दरवर्षी पडली असती. फी निम्मी-निम्मी ठरली.

मग मामांना एक आयडिया सुचली. बाईंचं भलं व्हावं म्हणूनच सुचली, हेही सांगतो. उत्पन्न 21,000 च्या आत दाखवायचंय ना, मग करारात भाडं 1,000 च लिहा, वरचे हातात देतील. घरफाळाही कमी, दाखलाही सोपा. केंद्रात हे रोज कुणी ना कुणी सुचवतं. मी त्यांना कलम 24 चंच दुसरं टोक दाखवलं. मुदतीनंतर जागा सोडली नाही तर मालकाला करारात लिहिलेल्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. 3,500 लिहिले तर महिना 7,000, हजार लिहिले तर 2,000. शिवाय भावाच्या फोनवरून दर महिन्याला 3,500 मामांच्या खात्यावर जमा होतायत, ते कुठं लपवणार? मामा म्हणाले, “मग खरंच लिवा.”

खरं लिहिलं की 42,000 समोर उभे राहतात. महिन्याला 1,600 कमावणारी बाई 3,500 भाडं कशी भरते, हा प्रश्न तलाठी विचारणारच आणि त्यांनी तो विचारायलाच हवा. बरेच अर्ज इथं फसतात, कारण लोक करार एका हेतूनं करतात, उत्पन्नाचा अर्ज दुसऱ्या, आणि दोन्ही कागद फायलीत शेजारी लागल्यावर एकमेकांशी भांडतात. उत्तर खरं होतं: भाडं भाऊ भरतो. तो वेगळा राहतो, त्याचं रेशनकार्ड वेगळं, म्हणून त्याची कमाई बहिणीच्या कुटुंबाच्या उत्पन्नात धरली जात नाही. पण हे तोंडी सांगून उपयोग नाही. आम्ही करारातच एक कलम घातलं, की भाडं लायसन्सीचा (म्हणजे बाईंचा) भाऊ दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मालकाच्या खात्यावर भरेल. भावाच्या बँक खात्याचा उतारा काढला, मामांना गेलेल्या नोंदी पेननं खुणावल्या. स्वयंघोषणापत्रात चपात्यांचे 19,200 आणि ‘घरभाडे भाऊ भरतो’ असं स्वच्छ लिहिलं. खानावळवाल्याकडून पगाराचं साधं पत्र आणायला सांगितलं.

नोंदणीचं काम तसं अर्ध्या तासाचं: सिटी सर्व्हे नंबर, घरफाळ्याची पावती, लाइट बिल, दोघांचे आधार, आधारसह दोन साक्षीदार, फोटो आणि थंब. थंबनं त्या दिवशी जीव खाल्ला. मामांची बोटं मिलच्या सुतानं झिजलेली, बाईंची तव्याच्या चटक्यांनी. दोघांचेही अंगठे मशीन घेईना. अशा वेळी अंगठाच हवा असा हट्ट धरू नये, दहातलं कुठलंही बोट चालतं. साबणानं हात धुऊन पुसायचे, बोट फार कोरडं असेल तर किंचित ओलसर करायचं, काच पुसायची आणि दाबायचं नाही, टेकवायचं. मामांची डावी अनामिका लागली, बाईंची उजवी करंगळी.

या सगळ्यात मुलींचं नाव निघालं आणि खरी कामाची गोष्ट सुचली. बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेल्या मुलांना महिना 2,250 मिळतात, 2023 पासून ही रक्कम आहे, आणि एका कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत लाभ घेता येतो. दोघींचे मिळून 4,500. म्हणजे खोलीच्या भाड्याहून जास्त! बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो, घरभेट होते, आदेश बालकल्याण समिती काढते. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि पालकासोबत मुलांचा राहत्या घरासमोर काढलेला फोटो लागतो.

फोटो म्हटल्यावर मामा परत बिथरले. “माझ्या घराचा फोटो कशाला सरकारात?” मी म्हटलं, मामा, करार सरकारातच नोंदलाय आता, फोटोनं आणखी काय जाणार? फोटो मागच्या खोलीच्या दारात काढायचा, पुढच्या घराच्या नाही, यावर तडजोड झाली.

रेशनचं वेगळं दुखणं होतं. कार्ड दिरासोबत एकत्र, धान्य गावातच उचललं जायचं. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे कोल्हापुरातल्या दुकानातही थंब लावून धान्य मिळतं, पण एकाच कार्डावर दोन चुली असल्या की जो आधी जाईल त्याचं. म्हणून कार्ड विभक्त करायचा अर्ज वेगळा टाकला.

लाइटचं मी मुद्दाम काढलं नव्हतं, बाईंनीच काढलं. सबमीटरला युनिटला 12 रुपये. तिन्ही खोल्या आणि मालकाचं घर एकाच मीटरवर असल्यानं वापर 100 युनिटांच्या वर जातो आणि महागड्या टप्प्याचा दर सगळ्यांना सोसावा लागतो. वीज कायदा 2003 च्या कलम 43 मध्ये मालकाबरोबर ताबा असणाऱ्यालाही वीजजोड मागायचा हक्क आहे. आता हातात नोंदलेला करार आहे, मालकाची संमती घेऊन वेगळं मीटर मागता येईल. मामा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. एका दिवसात एवढंच पुरे, असं मलाही वाटलं.

तलाठ्यांनी चौकशीत अपेक्षेप्रमाणे भाड्याचाच प्रश्न विचारला. बँकेचा उतारा बघितला, शेजारच्या दोघांचे जबाब घेतले आणि दाखला 19,200 चा निघाला. आधार बदललं. संजय गांधीची मंजुरी समितीच्या बैठकीत होते आणि बैठक कधी लागेल हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे अर्जाची पोच जपून ठेवायला सांगितली. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे मी तिथंच तपासलं. मंजूर झालेल्या कितीतरी लोकांचे पैसे तेवढ्यावरून अडकतात. एकदा सुरू झालं की दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायचा, तेही फायलीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

बालसंगोपनाचे पैसे दर महिन्याला येतीलच असं धरून चालत नाही, काही वेळा ते साठून एकदम येतात. म्हणून 10 तारखेचं भाडं त्यांच्यावर टाकू नका, ते भावाकडूनच जाऊ द्या आणि आलेले पैसे शाळा-दवाखान्यासाठी वेगळे ठेवा, असं बाईंना सांगितलं. भाडं थकलंच तर दोन महिन्यांपर्यंत अनामतीतून वळतं करायचं आणि त्यानंतरच नोटीस द्यायची, हे कलमही करारात आहे. ते घालायला मामांनीच सांगितलं होतं.