चाकातला बर्फ आणि थरथरणारं स्टिअरिंग: कॅल्गरीच्या हिवाळ्यातला माझा अनुभव

रात्री बर्फातून ट्रक घरी आणला तेव्हा सगळं ठीक होतं. सकाळी हायवेला लागल्यावर ८० च्या पुढे स्टिअरिंग असं थरथरायला लागतं की वाटावं एखादं चाक निखळतंय. पिकअप चालवणाऱ्याला कॅनडाच्या हिवाळ्यात हे एकदा तरी भोगावं लागतं. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो, रिमच्या आत बर्फ गोठलेला असतो. मीही सुरुवातीला व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालवून हे शिकलो. त्यानंतर दर हिवाळ्यात जे करत आलो ते इथे लिहितो. माझा ट्रक फॉर्ड एफ-१५०, टायर २७५/६५ आर १८. आकडे त्याच मापाने दिले आहेत.

आधी कारण नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतो. पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर आला की चाकांचा चिखल दूर उडतो. तो टायरच्या बाहेरच्या अंगाला असतो, त्यामुळे वेग वाढला की सुटतो. रिमच्या आतल्या बर्फाचं नेमकं उलटं. तो रिमच्या गोल भिंतीला आतून चिकटलेला असतो आणि चाक जितकं जोरात फिरेल तितका त्याच भिंतीवर दाबला जातो. ताशी १०० किलोमीटरला माझं चाक सेकंदाला साधारण ११ फेऱ्या मारतं. त्या वेळी भिंतीवरच्या बर्फावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ १०० पट जोर येतो. म्हणजे भुसभुशीत बर्फाची वीट थापण्याचं काम चाक स्वतःच करतं. ‘जरा जोरात पळव, उडून जाईल’ हा सल्ला इथे हमखास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे.

आता वजनाचा हिशोब. एका जागी १०० ग्रॅम बर्फ जास्त असेल, म्हणजे मुठीत मावेल एवढा, तर १०० च्या वेगाला तो चाकाला सुमारे १० किलोच्या जोराने ओढतो, आणि ही ओढ फिरती असते: वर, पुढे, खाली, मागे, सेकंदाला ११ वेळा. ५० च्या वेगाला हाच जोर अडीच किलोवर येतो, कारण वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो. म्हणून गल्लीबोळात काही कळत नाही आणि हायवेवर दात वाजायला लागतात. सस्पेन्शनवर चाकाची स्वतःची उडण्याची लयही सेकंदाला साधारण १० ते १५ च्या घरात असते. दोन्ही जुळलं की ९० ते ११० च्या पट्ट्यात थरथर कळसाला पोचते. टायरवाला बॅलन्सिंग करताना ५-५, ७-७ ग्रॅमच्या पट्ट्या चिकटवतो. त्यापुढे मूठभर बर्फ म्हणजे काय, ते लक्षात आलं असेल.

पण मग रात्री येताना का जाणवलं नाही? चाक फिरत असताना बर्फ चौफेर बऱ्यापैकी सारखा बसतो, आणि सारखा बसलेला बर्फ त्रास देत नाही. गाडी उभी केली की खेळ सुरू होतो. ब्रेकची डिस्क गरम असते, तिच्या उष्णतेने वरचा बर्फ पाघळतो, पाणी ओघळून रिमच्या तळाशी जमतं आणि तिथेच गोठतं. कधी वरच्या अर्ध्या भागातला थर सुटून खालच्या अर्ध्यावर पडतो. सकाळपर्यंत बर्फ तेवढाच राहतो, पण एका बाजूला. पंख्याच्या एकाच पात्याला पाव किलोचं वजन बांधल्यासारखं होतं.

पिकअपला हे जास्त का होतं तेही सांगतो. रिम मोठी आणि खोल, आरे रुंद फटींचे, आणि कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कला चिमटा घेणारा भाग) व रिमच्या मधे जागा भरपूर. बर्फ आरामात आत शिरतो. शिवाय रिमच्या आतल्या कडेला एक उभा काठ असतो आणि मधे टायर बसवण्यासाठी दिलेल्या खाचेचा उंचवटा. या दोहोंमधे जी पन्हळ तयार होते ती बर्फ धरून ठेवायला अगदी बेतलेली. कॅल्गरीत यावर चिनूकची फोडणी. पश्चिमेकडून उबदार वारा सुटला की काही तासांत तापमान उणे १५ वरून शून्याच्या वर जातं, रस्त्यावर पाणी-बर्फाचा रबडा होतो, तो चाकात भरतो, आणि वारा थांबला की तो दगड होतो. कोरड्या उणे २५ मधला भुगा परवडला. तो झटकला की पडतो.

म्हणून माझा पहिला नियम वेळेचा आहे: बर्फ काढायचा तो संध्याकाळी, गाडी उभी केल्या केल्या, मऊ असताना. चारही चाकांना मिळून दहा मिनिटं लागतात. सकाळी त्याच कामाला पाऊण तास जातो आणि बोटं बधिर होतात ती वेगळीच.

साधनं साधी आहेत. साधारण ४५ सेंटीमीटर लांब लाकडी पट्टी, टोक गोल केलेलं आणि त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. दुसरं म्हणजे ताठ नायलॉनचा टॉयलेट ब्रश, अर्थात नवा. हसू नका, त्याचं डोकं गोल असतं आणि दांडा लांब, म्हणून आऱ्यांच्या फटीतून तो आतल्या पन्हळीपर्यंत बरोबर पोचतो. लोखंडी पट्टी, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी यांतलं काहीही चाकात घालायचं नाही. अलॉय रिमला बॅलन्सिंगची वजनं आतल्या भिंतीवरच चिकटवलेली असतात. बर्फाखाली ती दिसत नाहीत, आणि एक घाव चुकला की पट्टी बर्फासकट हातात येते. मग बर्फ गेला तरी थरथर राहतेच.

क्रम असा. गाडी सपाट जागेवर, गिअर पार्कमधे, तेवढ्यापुरता पार्किंग ब्रेक, इंजिन बंद. ब्रश आत घालून पन्हळीतून फिरवायचा, मऊ बर्फ आऱ्यांमधून बाहेर ओढायचा. कॅलिपर जिथे बसलाय तिथला रिमचा भाग झाकलेला राहतो, तिथे ब्रश जात नाही. जबरदस्ती करू नका, ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसच्या सेन्सरची वायर तिथेच आहे. त्याऐवजी गाडी अर्धा फेरा पुढे घ्यायची, या टायरला तो सुमारे १ मीटर ३० सेंटीमीटर होतो. कॅलिपर जागेवर राहतो, रिम फिरते, झाकलेला भाग समोर येतो. तो साफ केला की चाक झालं. पुढच्या चाकांची आतली बाजू बघायची असेल तर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवा, डाव्या चाकाचं पोट पुढून बंपरखालून टॉर्चने दिसतं. उजव्याला उलट. मागच्या चाकांसाठी मात्र मागच्या बंपरखाली वाकण्याला पर्याय नाही.

शेवटचा पातळ थर निघत नाही म्हणून कुणी तासभर खरवडत बसतं. गरज नाही. मिलीमीटरभर पापुद्रा सगळीकडे सारखा असेल तर चाकाला त्याचं काही सोयरसुतक नाही. फरक पडतो तो एका बाजूच्या ढेकळाने.

काम संपल्यावर पार्किंग ब्रेक सोडायला विसरायचं नाही. ओल्या ब्रेकवर तो रात्रभर ओढलेला राहिला तर सकाळी आतल्या आत गोठून बसू शकतो, मग मागची चाकं फिरायचं नाव घेत नाहीत. सपाट जागा असेल तर पार्क गिअर आणि चाकाला लाकडी ठोकळा पुरतो.

चाकातला बर्फ गोठूनच गेला असेल तर? गरम पाण्याची बादली हा सगळ्यांना सुचणारा उपाय. उणे २० ला ते पाणी काही मिनिटांत ब्रेक पॅडवर आणि अंगणात बर्फ होतं. चाकातला बर्फ सुटेल, पण तुम्ही घसरून पडाल. तापलेल्या डिस्कवर अल्कोहोलचा डी-आयसर, म्हणजे बर्फ वितळवणारा फवारा, मारणं तर नकोच, तो पेट घेणारा पदार्थ आहे. ब्रेक दाबत चालवून रिम तापवण्याचा प्रयोगही बघितलाय: बर्फ अर्धवट वितळतो, सिग्नलला थांबलं की पाणी तळाशी येतं, म्हणजे रोग आणखी एका बाजूला सरकतो. सरळ, खात्रीचा मार्ग म्हणजे नाणी टाकून चालणारा, दार बंद होणारा, गाडी धुण्याचा गरम वॉश बे. प्रेशरचा पाइप रिमपासून ३०-४० सेंटीमीटर लांब धरायचा आणि फवारा पसरट ठेवायचा. अगदी जवळून मारलेला टोकदार फवारा वजनाच्या पट्टीखाली शिरतो. आधी आऱ्यांमधून, मग मागच्या अंगाने, आणि मधे एकदा गाडी अर्धा फेरा सरकवून. बाहेर पडल्यावर रिकाम्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगाने पाच-सहा वेळा हलका ब्रेक मारून डिस्क कोरडी करायची. दारांची रबरं पुसून घेतली नाहीत तर दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाही, हा धडा प्रत्येकाला स्वतःच मिळतो.

थरथर हायवेवरच सुरू झाली तर वेग ६०-७० वर आणायचा, धोक्याचे दिवे लावायचे आणि पुढच्या एक्झिटला बाहेर पडायचं. एडमंटनकडे जाणाऱ्या क्वीन एलिझाबेथ २ हायवेवर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ११० आहे. तिथे शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, गाडीखाली वाकून बर्फ काढणं म्हणजे मरणाला आमंत्रण. एअरड्रीपर्यंत, पुढे असाल तर रेड डीअरच्या गॅसोलीन अ‍ॅलीपर्यंत सावकाश जाता येतं. तिथे पेट्रोल पंपांची रांगच आहे.

मात्र प्रत्येक थरथर बर्फाचीच असं धरून चालू नका, कारण एक शक्यता खरोखर जीवघेणी आहे. स्टिअरिंग थरथरतं तर बहुधा पुढची चाकं, सीट आणि गाडीचा तळ थरथरतो तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर जाणवलं तर डिस्क बघा. सकाळी पहिली दहा-पंधरा मिनिटं धडधड आणि मग आपोआप शांत, तर कडाक्याच्या थंडीत उभं राहून टायर खालून चपटा झालेला असतो, चालून गरम झाला की गोल होतो. चाकातला बर्फ उणे २० मधे असा आपोआप जात नाही. आणि कमी वेगातही डुगडुग, सोबत टकटक आवाज, तर लगेच थांबून नट तपासा. टायर बदलताना हब (रिम ज्यावर बसते तो भाग) आणि रिमच्या मधे गंज किंवा बर्फ राहिला तर नट घट्ट वाटतात, पण पुढे सैल पडतात. २०१५ नंतरच्या एफ-१५० चे नट आवळायला टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या) १५० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २०४ न्यूटन मीटर लागतं. हिवाळी टायर चढवल्यावर ८० ते १०० किलोमीटर चालवून मी पुन्हा एकदा तपासतो. चाकातून खरखर ऐकू आली तर बहुतेक वेळा बर्फाचं ढेकूळ कॅलिपरला घासत असतं.

टायरच्या दुकानात जायचंच असेल तर आधी बर्फ काढून जा. दोन प्रकारे फसगत होते. दुकान गरम असतं, गाडी तासभर रांगेत उभी राहिली की बर्फ वितळतो, यंत्र शून्य दाखवतं आणि दोष सापडत नाही. नाहीतर घाईत बर्फासकट चाक यंत्रावर चढतं, बर्फाला तोलायला पट्ट्या लागतात, आणि चिनूक आला की बर्फ जातो, पट्ट्या राहतात.

ऑक्टोबरात हिवाळी टायर चढवण्याआधी प्रत्येक रिमच्या आतल्या वजनांचा फोनवर फोटो काढून ठेवतो, चाकाच्या नावासह. जानेवारीत शंका आली की जुळवून बघायचं. पट्टी पडली असेल तर तिथे गोंदाचा स्वच्छ चौकोन दिसतो, बाकी रिम मिठाने पांढुरकी झालेली असते.

रिमच्या आत सिलिकॉन स्प्रे किंवा स्वयंपाकाचं तेल मारायचा सल्ला देणारे भेटतात. फवारा डिस्कवर गेला की ब्रेकच गेला, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. ऑक्टोबरात रिम घासून धुतलेली असली तरी बर्फ पुष्कळ सहज सुटतो, खडबडीत मळावर तो जास्त धरतो. हिवाळ्यासाठी लहान रिम घेणारेही बरेच आहेत. टायरची भिंत उंच मिळते हे खरं, पण कॅलिपर आणि रिममधली फट अरुंद होते, थोडा बर्फही लगेच घासतो. २० इंची रिमऐवजी १८ इंची ठीक, त्याखाली जाण्याआधी कॅलिपर बसतो का ते मोजून घ्या.

ब्रश आणि पट्टी मागच्या हौद्यात ठेवू नका. हौद्याच्या झाकणाचं कुलूप गोठतं, आणि हत्यार हवं असतं ते नेमकं त्याच सकाळी. माझी दोन्ही ड्रायव्हरच्या सीटमागे असतात, ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत, कारण वितळलेलं खारं पाणी सीटखालच्या वायरिंगवर गळतं.