झेनॉन नसताना फुफ्फुसातली हवा एमआरआयवर कशी बघायची

तुर्भे-महापे पट्ट्यात काम करणारा किंवा घोडबंदर रोडच्या धुळीतून रोज दुचाकीवर जाणारा दमेकरी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासाची चाचणी) करून येतो, तेव्हा त्याच्या हातातले आकडे दोन्ही फुफ्फुसांचे मिळून असतात. हवा नेमकी कुठल्या भागात पोचत नाही, हे त्यातून कळत नाही. सीटीत रचना छान दिसते, पण तरुण पेशंटला पुन्हा पुन्हा क्ष-किरण देणं बरं नव्हे. एमआरआयची गरज इथे लागते.

एमआरआयसाठी फुफ्फुस अवघडच. ऊती कमी, म्हणून एमआरआयला सिग्नल देणारे प्रोटॉन (हायड्रोजनची अणुकेंद्रकं) कमी. शिवाय हवा आणि ऊती यांच्या असंख्य सीमांवर चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि 1.5 टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं एकक) सिग्नल एक-दोन मिलिसेकंदांत विरतो. 3 टेस्लावर तर त्याहून लवकर. त्यामुळे या कामाला 1.5 टेस्लाचं जुनं मशीनच जास्त उपयोगी पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हवा थेट दाखवणारी पद्धत हायपरपोलराइज्ड झेनॉन-129 ची, म्हणजे सिग्नल मोठा मिळावा म्हणून लेसरने तयार केलेला झेनॉन वायू पेशंटला श्वासातून देण्याची. अमेरिकेत तिला डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी मिळाली. पण रुबिडियमची वाफ आणि 795 नॅनोमीटरचा लेसर वापरून गॅस तयार करणारं यंत्र जवळच हवं. 1.5 टेस्लावर झेनॉनची फ्रिक्वेन्सी साधारण 17.7 मेगाहर्ट्झ, प्रोटॉनची 63.9, म्हणजे कॉइल (सिग्नल पकडणारा अँटेना) वेगळी आणि मशीनची इलेक्ट्रॉनिक्सही ती फ्रिक्वेन्सी पेलणारी हवी.

हे काही नसताना करता येते ती फूरिए डीकॉम्पोझिशन, म्हणजे भराभर चित्रं घेऊन सिग्नलच्या चढउतारातली श्वासाची लय आणि नाडीची लय वेगवेगळी करणं. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ती मांडली. गॅस नाही, कॉन्ट्रास्ट नाही, श्वास रोखणं नाही. पेशंट उताणा झोपून नेहमीसारखा श्वास घेतो. कोरोनल (समोरून दिसणारी उभी) स्लाइस साधारण 15 मिलिमीटर जाड, मॅट्रिक्स 128 बाय 128 पिक्सेल, टीई (रेडिओ लहर दिल्यापासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) एक मिलिसेकंदाच्या आत, टीआर (अशा दोन लहरींमधला वेळ) दोनच्या आत. सेकंदाला तीन चित्रं, एका स्लाइसला सुमारे 200, म्हणजे मिनिटभराहून थोडा जास्त वेळ. सुरुवातीची वीसेक चित्रं टाकून द्यायची, कारण तोवर सिग्नल स्थिरावलेला नसतो. मग सॉफ्टवेअरने सगळी चित्रं श्वासाच्या एकाच स्थितीवर जुळवून घ्यायची.

आता एकच पिक्सेल बघू. श्वास सोडल्यावर ऊती दाटतात, सिग्नल समजा 80. श्वास घेतल्यावर त्याच जागी हवा भरते, सिग्नल 60. फरक 20, भागिले 80, म्हणजे 0.25. शेजारचा पिक्सेल 80 वरून 78 वरच उतरला तर 0.025. तिथे हवेची ये-जा जवळजवळ बंद आहे. मोठ्या रक्तवाहिन्या मात्र मास्कमधून (मोजायच्या भागाच्या आखणीतून) वगळाव्या लागतात, नाहीतर त्या खोटे डिफेक्ट (हवा न पोचणारे भाग) दाखवतात. आणि हे ध्यानात असू द्या की इथे आपण हवा पाहत नाही, तिच्यामुळे बदललेली ऊतींची दाटी पाहतो.

सगळ्यात जास्त घोळ वेगाचा होतो. सेकंदाला तीन चित्रं म्हणजे 1.5 हर्ट्झपर्यंतचीच लय खरी दिसते, नाडीच्या भाषेत मिनिटाला 90. लहान मुलाची नाडी 150 असेल तर ती 2.5 हर्ट्झ, पण कुठली लय किती जोरदार हे दाखवणाऱ्या आलेखात तिचं शिखर 0.5 वर उमटतं. त्याचा श्वास मिनिटाला 30 असेल तर तोही 0.5 वरच. दोन्ही शिखरं एकावर एक, आणि व्हेंटिलेशनचा (हवेच्या ये-जाचा) नकाशा रक्तप्रवाहाने गढूळ झालेला. म्हणून स्कॅनआधी नाडी आणि श्वास मोजून कागदावर मांडायचे. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलने नाडी वाढते, तेव्हा औषधानंतरच्या स्कॅनला पुन्हा मोजायचे.

अनियमित श्वासाने शिखर पसरतं, खोकल्याने जुळवणी फसते, डायाफ्रामच्या कडेला तर हमखास. खोकला आला की ती स्लाइस पुन्हा घ्या, दुरुस्त करत बसू नका. सिग्नल मुळात इतका कमी की बाहेरचा थोडासा रेडिओ गोंगाटही जाचतो. खाडीकाठच्या दमट हवेत हा गोंगाट अडवणाऱ्या, खोलीच्या दाराच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात, त्या वेळच्या वेळी साफ करायला लावा.

धाप लागलेला पेशंट ऑक्सिजन लावूनच येतो. सिलिंडर आत जाता कामा नये, चुंबक तो खेचून घेतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात याच चुकीने एका तरुणाचा जीव गेला. भिंतीतल्या पॉइंटवरून लांब नळी घ्या. प्रवाह मात्र औषधाआधी आणि नंतर सारखाच ठेवा, कारण ऑक्सिजन स्वतः टी-1 (सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) कमी करतो आणि सिग्नल बदलतो.

औषधाची तुलना करायची तर स्पेसरमधून (पंपाला लावायच्या नळकांड्यातून) साल्बुटामॉलचे 100 मायक्रोग्रॅमचे चार पफ, 15 मिनिटं थांबणं, आणि स्लाइस श्वासनलिका जिथे दुभंगते त्या खुणेवरूनच पुन्हा लावणं. रिपोर्टमध्ये डिफेक्टच्या टक्क्यांशेजारी कुठल्या मर्यादेखाली डिफेक्ट धरला, नाडी किती, श्वास किती, ऑक्सिजन किती लिटर, हे लिहा. त्याशिवाय सहा महिन्यांनी आलेला आकडा कशाशी ताडून बघणार?