जीव लावून वाढवलेल्या रानपिल्लाचे पुढे काय होते

फोंडा तालुक्यातील माझ्या दवाखान्यात गाय, कुत्रा किंवा मांजर घेऊन आलेली माणसे काम आटोपल्यावर, निघता निघता, एक प्रश्न हमखास विचारतात. शब्द थोडेफार वेगळे असतात, आशय तोच असतो : "डॉक्टर, कुळागरात सापडलेले पिल्लू आम्ही घरी आणले, पोटच्या पोरासारखे वाढवले, कधी उपाशी ठेवले नाही. रानात ते मेलेच असते. मग त्याला पाळण्यात वाईट ते काय?" हे पिल्लू कधी खेतीचे, म्हणजे टोपी माकडाचे असते, कधी किराचे, म्हणजे पोपटाचे, कधी कौलांखाली जन्मलेल्या उदमांजराचे. दारात उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, आणि कायद्याने बंदी आहे एवढे सांगून कोणाला वाटेला लावणे मला पटत नाही. म्हणून येथे सविस्तर लिहिते.

विचारणाऱ्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. माझे म्हणणे असे आहे की रानातल्या जनावराचे सर्वांत मोठे नुकसान त्या मायेच्या दिवसांतच होते, पहिल्या काही आठवड्यांत, घरातल्या प्रत्येकाला सारे उत्तम चालले आहे असे वाटत असताना. खेतीचे पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून असते. तिच्या अंगावरूनच ते कळप पाहते, कोणते फळ खावे आणि कोणते टाळावे, बिबट्या दिसल्यावर उठणारी हाक कशी असते, कोणासमोर मान खाली घालावी आणि कोणावर दात दाखवावेत, हे सारे शिकते. असे पिल्लू एकटे हाती लागते तेव्हा बहुतेक वेळा त्याची आई गाडीखाली, विजेच्या तारेवर किंवा बंदुकीने मेलेली असते. ते आपल्याला मिठी मारते, कारण मिठी मारल्याशिवाय त्याला जगताच येत नाही. त्या मिठीने आपण विरघळतो आणि त्या दिवसापासून त्याचा कळप म्हणजे आपण होतो.

पुढे ते वाढते. चार-पाच वर्षांत नराचे सुळे पूर्ण उगवतात आणि कळपातले आपले स्थान अजमावण्याची वेळ येते. रानात तो दुसऱ्या नरांशी झुंजला असता. घरात तो सर्वांत दुबळ्या माणसाकडे वळतो, म्हणजे लहान मुलाकडे किंवा म्हाताऱ्या आजीकडे. घरचे लोक म्हणतात, इतके केले तरी उलटला. तो उलटलेला नसतो, वयात आलेला असतो. आणि मग येते दोरी.

अशा एका नराला माझ्याकडे आणले होते. कमरेला बांधलेली नायलॉनची दोरी तो लहान असताना बांधलेली होती. तो वाढला, दोरी मात्र तेवढीच राहिली. केस बाजूला सारल्यावर दोरी दिसेना, कारण कातडी तिच्यावरून चढून आली होती, आणि बोट फिरवले की आत गाठ लागत होती. भूल देऊन ती तुकड्यातुकड्याने काढावी लागली. पाय वाकलेले होते, कारण सारे बालपण पडवीच्या सावलीत, बिस्किटे, चहा आणि भातावर गेले होते. ऊन नाही आणि चुना, म्हणजे कॅल्शियम नाही, तर हाड बसत नाही. हा आजार पाळलेल्या माकडांत आणि कासवांत आम्हाला नेहमी दिसतो. घरच्यांनी त्याला एकदाही मारलेले नव्हते, हे मला ठाऊक आहे. भूल उतरेपर्यंत त्या घरची बाई त्याचा हात धरून बसली होती.

कुत्राही एके काळी रानातलाच होता, असे यावर कोणी म्हणतो. ते खरे आहे, पण त्या बदलाला निदान पंधरा हजार वर्षे गेली आहेत. रशियात नोवोसिबिर्स्क येथे 1959 साली दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतले सर्वांत शांत कोल्हे तेवढे निवडून त्यांचीच वीण वाढवत नेली, तेव्हा पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर माणसाकडे शेपटी हलवत येणारे कोल्हे जन्मू लागले. आपल्या घरात वाढलेले एक पिल्लू आपल्याला सवयीचे होते, तरी त्याच्या रक्तातली जात तीच राहते.

किराविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण पाळलेला कीर आपल्याकडे इतका नित्याचा झाला आहे की तो रानातला पक्षी आहे हेच आपण विसरतो. कीर घरटे बांधत नाही. जुन्या झाडाच्या किंवा वठलेल्या माडाच्या ढोलीत अंडी घालतो, आणि चांगली ढोली वर्षानुवर्षे वापरली जाते. साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात पिल्ले काढणारा माणूस ढोली फोडून किंवा खोड तोडून ती काढतो, म्हणजे त्या वर्षीच्या पिल्लांबरोबर पुढच्या अनेक विणींची जागाही जाते. काढलेल्या पिल्लांतली बरीच वाटेतच मरतात. बाजारात पोहोचलेले एक पिल्लू आपण घेतो तेव्हा ही मेलेली पिल्लेही त्याच पैशांत मोजलेली असतात. पुढे त्याची पिसे कापली जातात आणि एरवी रोज मैलोन्मैल थव्याने उडणारा पक्षी हातभर पिंजऱ्यात वीस-पंचवीस वर्षे बसतो. अशा किराची छाती मी हाताने चाचपते तेव्हा उडण्याचे स्नायू झिजून मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागते. चोच उघडली तर टाळूवर पांढरे चट्टे असतात. केवळ भात, मिरची आणि सूर्यफुलाच्या बियांवर ठेवल्याने अ जीवनसत्त्वाची उणीव होते, तिचे हे लक्षण आहे. काही कीर स्वतःची पिसे उपटून उघडेबोडके होतात. 'विठू विठू' म्हणणारा कीर आनंदात आहे असे आपल्याला वाटते. तो बोलतो, कारण ज्या थव्याशी बोलायचे तो थवा त्याला मिळालेला नाही.

परदेशी प्राण्यांचा शौक हा अलीकडचा. इग्वाना, अजगर, मार्मोसेट माकडे आता गोव्यातही दिसतात. 2024 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जातींची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. मात्र नोंदणीमुळे मालकी वैध ठरते, प्राण्याचे हाल थांबत नाहीत. सर्वांत जास्त विकले जाते ते लाल कानाचे अमेरिकी कासव. दुकानात ते रुपयाच्या नाण्याएवढे असते, पुढे फूटभर वाढते आणि तीस वर्षेही जगते. टाकी पुरेनाशी झाली की पुण्य समजून ते गावच्या तळीत सोडले जाते, आणि तेथे आपल्या देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. खुद्द अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर 1975 पासून बंदी आहे, कारण त्यांच्यापासून मुलांना साल्मोनेला या जिवाणूची बाधा होत होती.

आजारांचा विषय निघालाच आहे, तर सत्तरी तालुक्यातल्या लोकांना माकडताप सांगावा लागत नाही. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात तो प्रथम ओळखला गेला आणि 2015 मध्ये सत्तरीत पोहोचला. तो गोचिडीपासून होतो, आणि रानात सुस्त पडलेले माकड दयेपोटी उचलून आणणारा माणूस त्या गोचिडीही घरी आणतो. टोपी माकडांसारख्या माकडांच्या लाळेत बी-विषाणू असू शकतो. माणसाला त्याची लागण क्वचित होते, पण उपचार न झाल्यास ती बहुधा जिवावर बेतते. उलट दिशाही विसरू नये. आपल्या ओठावर उठणाऱ्या साध्या तापाच्या पुळ्यांचा विषाणू मार्मोसेटला ठार करतो, आणि आपला क्षय माकडांना होतो.

आता 'रानात ते मेलेच असते' याविषयी. पुष्कळदा ते मेले नसते. पंख फुटलेले पाखरू उडायला शिकताना जमिनीवर येतेच, आणि आईबाप जवळच्याच फांदीवरून त्याला भरवत असतात. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. घरटे सापडले तर पिल्लू परत ठेवावे, मोडले असेल तर टोपली फांदीला बांधून तिच्यात ठेवावे आणि दूर व्हावे. माळ्यावरची उदमांजराची पिल्ले रात्रभर तशीच राहू दिली तर आई त्यांना बहुधा हलवते. आई खरोखरच मेली असेल तर पिल्लाला उबेत, अंधाऱ्या खोक्यात ठेवावे, गाईचे दूध पाजू नये, आणि त्याच दिवशी वनखात्याला कळवावे. घाई यासाठी की आपल्याच जातीत परत जाण्याची वाट लवकर बंद होते, आणि आपण चार दिवस खेळवले तर ती आपणच बंद करतो.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाही तेच सांगतो : असा प्राणी ही सरकारची मालमत्ता आहे आणि तो हाती आल्यापासून 48 तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. देशी कीर पाळणेही गुन्हाच आहे; 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्यांसाठी शिक्षा याहून कडक आहे. जनावरावर जीव लावायला ते घरात बांधावे लागत नाही, हे आपल्या गोव्याला ठाऊक होते. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या परिसरात पौष अमावास्येला आजही मानगें थापणी होते. लोक चिखलाची मगर घडवून पुजतात आणि खरी मगर पाण्यातच राहू देतात. मला हा सण फार मोलाचा वाटतो.

पुढचा प्रश्न त्यांचा असतो, ज्यांच्या घरी कीर वर्षानुवर्षे आहे : आता त्याचे काय करावे? रागाच्या किंवा पश्चात्तापाच्या भरात पिंजऱ्याचे दार उघडू नका. त्याच्या पंखांत बळ नसते, मांजराची भीती त्याला कोणी शिकवलेली नसते, आणि तो पहिल्याच दिवशी कावळ्यांच्या तावडीत सापडतो. जवळच्या वनक्षेत्र कार्यालयात स्वतःहून जाऊन सांगा. मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव मिळाल्यावर काही पक्षी थव्यात मिसळतात, काहींना जन्मभर सांभाळावे लागते, आणि हे तपासणीनंतरच ठरते. त्याला सोबत म्हणून दुसरा कीर विकत आणू नका, त्यासाठी आणखी एक ढोली फुटेल. वनखात्याचा निर्णय होईपर्यंत पेरू, गाजर, भिजवलेले मूग आणि पालेभाजी थोडी थोडी सुरू करा, मात्र जुने अन्न एकदम बंद करू नका, कारण नवे अन्न ओळखीचे होईपर्यंत कीर उपाशी राहतो.