तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सांभाळून दुकान कसं चालवते?

“नोकरी करून हे सगळं जमतं कसं? दमत नाहीस?” नातेवाइकांपासून ऑफिसातल्या नव्या मुलामुलींपर्यंत सगळे विचारतात. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. पहाटे उठत असेल, वेळापत्रक पक्कं असेल, घरून मदत असेल. मग मी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय बदलते. आज एकदाच नीट सांगते.

दमते. पण ज्याला तुम्ही बर्नआउट म्हणता, तिथवर गेले नाही, कारण मी हा व्यवसाय लहान ठेवला. मुद्दाम ठेवला, आणि त्यासाठी बरंच गमावलं. हे उत्तर कुणाला पटत नाही, म्हणून प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

मी शिवणकामाचे पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे नमुने, विकते. पीडीएफ स्वरूपात, गिऱ्हाइकाने घरी छापून घ्यायचे. एकदा केलेली फाइल मी ऑफिसात हिशोबात बुडालेली असतानाही विकली जाते. गिऱ्हाइकाला माझी गरज ठरावीक घटकेला पडू नये, हा माझा पहिला निकष होता. तरी प्रश्न येतातच. सर्वांत जास्त येणारा म्हणजे, “पॅटर्न लहान छापून येतोय.” प्रिंटर ‘फिट टू पेज’वर, म्हणजे पानात मावेल असं आकसून छापण्यावर, असला की छपाई तपासायला दिलेला ५ सेंटिमीटरचा चौकोन ४.८ चा उतरतो, आणि मग छातीचं ९६ सेंटिमीटरचं माप ९२ वर येतं. कापड कापून झाल्यावर हे लक्षात आलं तर बाईला रडू येणारच. म्हणून तो चौकोन मी पहिल्याच पानावर घेतला, शंभर टक्के आकारात छापा आणि आधी हा मोजून पाहा असं ठळक लिहिलं, आणि तेच विक्रीच्या पानावरही टाकलं. पत्रं लगेच कमी झाली. जे उत्तर दोनदा द्यावं लागलं ते फाइलमध्येच लिहून टाकायचं. माझ्या संध्याकाळी पहाटेच्या गजराने वाचवल्या नाहीत, या सवयीने वाचवल्या. “उत्तर कामाच्या तीन दिवसांत मिळेल,” हेही दुकानावर स्पष्ट लिहिलं आहे.

नियुक्तिपत्र वाचा, बाहेरच्या कामाला परवानगी लागत असेल तर लेखी घ्या, कंपनीच्या लॅपटॉपवर आपलं काम करू नका. हे तुम्हाला माहीत आहे.

तासांचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त आढळला. आता नोकरीचे ४५ तास धरा आणि रोज रात्रीचे “फक्त दीड तास” त्यात मिळवा. रविवार धरून ५५ ओलांडले. त्यात प्रवास नाही, घरकाम नाही. एकट्या माणसाचं भाकीत अशा आकड्यांवरून करता येत नाही, हे मला कळतं. पण “थोडंसंच तर काम आहे” हे वाक्य त्यानंतर मला म्हणता आलेलं नाही.

आता ती गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही. दुकान आम्ही दोघींनी सुरू केलं होतं. आकृत्या मैत्रीण काढायची, मापांची श्रेणी आणि हिशोब माझ्याकडे. एकदा कापड विकणाऱ्या एका कंपनीचं पत्र आलं. दर महिन्याला चार नवे पॅटर्न, सगळ्या मापांत, वर्षभर. माझ्या वाट्याला येणारी रक्कम पगाराच्या जवळपास होती. अट एकच, माल महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात द्यायचा. मी लेखा विभागात आहे. महिनाअखेर म्हणजे आमच्याकडे क्लोजिंग, महिन्याचे हिशोब बंद करायचे दिवस. त्या दिवसांत मी जेवायची वेळही विसरते.

मैत्रीण म्हणाली, “एक वर्ष काढू. मग तू नोकरी सोड.” मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाच्या जिवावर नोकरी सोडणं म्हणजे दुसरी नोकरीच, आणि तिथे रजाही नाही. ती म्हणाली, “तुला भीती वाटते म्हणून तू हिशोब मांडतेस.” ते वाक्य खोलवर लागलं, कारण ते पूर्ण खोटं नव्हतं. मी तारीख बदलून मागितली, कंपनीने नकार दिला. दोन पॅटर्नवर या म्हटलं, तेही नाही. शेवटचं बोलणं फोनवर झालं. मी नाही म्हणतेय, असं सांगितलं, त्यावर ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्याही वाटचं नाही तूच म्हणालीस.” पुढच्या आठवड्यात आम्ही दुकानाची वाटणी केली. जुने पॅटर्न माझ्याकडे राहिले. ते काम तिने मदतनीस घेऊन एकटीने पत्करलं.

तुम्हाला इथे वाटेल की ती कोसळली असेल. नाही. ती उत्तम चाललीय, खूश आहे, आणि थकलेलीही दिसत नाही. तिच्यावर घरखर्चाचा भार माझ्याएवढा नव्हता, हे कारण मी स्वतःला देते. कधी पुरतं, कधी पुरत नाही.

पूर्वीची मी नवख्यांना सांगायची, रोज पहाटे एक तास काढा, दोन वर्षांत नोकरी सोडाल. तिच्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, तुझ्यात धमक उरली नाही. मी म्हणते, धमक ऑफिसातल्या कामालाही लागतेच, तिथून वाचेल तेवढीच इकडे येते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिच्यात थकव्यासोबत कामापासून मनाने दुरावणं, त्याबद्दल कडवटपणा येणं आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं, हेही आहे. थकवा मला कळत नाही, कारण तो नेहमीचाच. कडवटपणा कळतो. चौकोन न मोजता कापड कापलेल्या बाईचं पत्र वाचून तिचा राग आला, की मी नवा पॅटर्न थांबवते आणि आठवडाभर फक्त पत्रांना उत्तरं देते. विक्री घसरते. घसरू देते.

हे प्रत्येकाला परवडेल असं मी म्हणणार नाही. ज्यांना या जोडधंद्यातूनच घरभाडं द्यायचं आहे, त्यांना “लहान ठेवा” सांगणं मला क्रूर वाटतं. त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही.

सध्या मी ऑफिसात, पगार कमी करून, आठवड्याला चार दिवसांच्या कामाची मागणी केली आहे. मंजूर झाली तर मैत्रिणीला फोन करून विचारणार आहे, अजून चार पॅटर्नच लागतात का. क्लोजिंगचे दिवस ऑफिसच्या त्या चार दिवसांतच येतील, हे तिलाही माहीत आहे.