डिस्कॉर्ड : एका गावाचं लेबल

डिस्कॉर्ड रेकॉर्ड्सबद्दल कधीचं लिहायचं होतं. वॉशिंग्टन डीसीमधलं छोटंसं पंक लेबल, म्हणजे पंक या वेगवान, रांगड्या रॉकच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी, १९८० पासून सुरू आहे, आणि त्याचा जन्म झाला तो एका मोडलेल्या बँडच्या पैशातून. टीन आयडल्स हा शाळकरी पोरांचा बँड, शोजचे पैसे कुणी खिशात घातले नव्हते, सगळे एकत्र साठवलेले, ६०० डॉलरच्या आसपास. बँड बंद करायचं ठरलं तेव्हा पैसे वाटून घ्यायचे की रेकॉर्ड काढायची हा प्रश्न आला आणि पोरांनी रेकॉर्ड काढली! बंद पडलेल्या बँडची रेकॉर्ड दुसरं कोण काढणार, म्हणून मग बँडमधल्याच इयान मकाय, जेफ नेल्सन वगैरेंनी स्वतःच लेबल सुरू केलं.

मला सगळ्यात आवडतो तो कव्हरचा किस्सा. तयार कव्हर परवडत नव्हती, मग एका सिंगलचं (एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचं) कव्हर उकलून बघितलं, त्यावरून आकार काढला, छापून आणलं आणि सगळे मित्र मिळून कात्रीने कापत, घड्या घालत, गोंद लावत बसले, पहिल्या १००० कॉपींसाठी. त्या कव्हरवर मुठी आहेत आणि हातांच्या मागे काळ्या शाईची फुली, म्हणजे क्लबमध्ये अल्पवयीन पोरांना दारू देऊ नये म्हणून मारतात ती खूण.

पुढे मकायचेच मायनर थ्रेट आणि १९८७ ला फुगाझी हे बँड आले, लेबलचं नाव जगभर झालं, पण पद्धत तीच राहिली. बँडशी लेखी करार नाही, खर्च निघाला की नफा वाटून घ्यायचा, बस्स. आणि बँड घ्यायचे ते डीसी आणि आसपासचेच, बाहेरचा कितीही भारी असला तरी नाही. माझ्या मते हे लेबल टिकलं ते यामुळेच, कारण त्यांना हिट शोधायचे नव्हते, आपल्या गावात जे वाजतंय ते जपून ठेवायचं होतं.

दुकानदारांनी जास्त पैसे उकळू नयेत म्हणून कव्हरवरच पोस्टाने मागवायची किंमत छापायचे. फुगाझीचं तिकीटही साधारण ५ डॉलर असायचं आणि कुठल्याही वयाच्या माणसाला आत प्रवेश. त्यांच्या ८०० हून जास्त शोजची रेकॉर्डिंग्ज जपलेली होती, २०११ पासून ती डाउनलोडला ठेवायला लागले, सुचवलेली किंमत ५ डॉलर, १ डॉलर दिला तरी चालतो.